जाड कार्डाला सरळ वाट द्या

या वेळच्या टपालात जाड कार्डाबद्दलची पत्रं इतकी आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. लेझर प्रिंटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. कार्ड अडकून बंद पडलेली यंत्रं माझ्या टेबलावर सारखी येतात आणि त्यातली बरीचशी बंद पडायचं काही कारण नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलं आहे, कारण बाकीच्या पत्रांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे. कार्यालयातल्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर मुलांची प्रशस्तिपत्रकं २५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) कार्डावर छापायला घेतली. कार्डं नेहमीच्या खालच्या ट्रेमध्येच ठेवली होती. निम्मी आत अडकली. जी बाहेर आली, त्यांच्यावरची अक्षरं नखानं खरवडली की निघतात. प्रिंटरच्या पुस्तिकेत ‘१६३ जीएसएमपर्यंत’ असं दिलंय. कार्ड वाईट निघालं की प्रिंटर बिघडला?

उत्तर: बाई, कार्डही चांगलं आहे आणि प्रिंटरही धडधाकट आहे. अडकणं आणि अक्षरं निघणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हींची कारणं निराळी, म्हणून एकेक घेऊ.

आधी अडकण्याचं. खालच्या ट्रेमधला कागद यंत्रात सरळ जात नाही. पिक-अप रोलर त्याला पुढे ओढतो, मग तो रोलरभोवती अर्धवर्तुळात वळून उलट दिशेला जातो, भुकटी कागदावर सोडणाऱ्या ड्रमखालून ती वितळवून पक्की करणाऱ्या फ्यूझरमध्ये शिरतो आणि तिथून पुन्हा वर वळून प्रिंटरच्या डोक्यावर येऊन पडतो. साध्या कागदाला ही दोन वळणं जाणवतही नाहीत. कार्डाला जाणवतात, आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट जास्त. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तुमचं कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर. जाडी तिप्पट झाली म्हणजे ताठपणा तिप्पट झाला, असं होत नाही. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे जवळजवळ २७ पट. पाच ग्रॅमच्या कागदाला वळवण्यासाठी बसवलेल्या रबरी रोलरकडून आपण हे काम करून घ्यायला जातो. रोलर घसरतो, कार्ड वळणावर तटतं आणि दिवा लुकलुकायला लागतो.

यावर उपाय म्हणजे वळणंच टाळायची. बहुतेक लेझर प्रिंटरना पुढच्या बाजूला एकेक कागद आत सरकवायची फट असते, नाहीतर उघडून खाली पाडायचा छोटा ट्रे असतो. त्याला कुणी मॅन्युअल फीड म्हणतं, कुणी बायपास, कुणी मल्टीपर्पज ट्रे. कार्ड तिथूनच घाला. आणि यंत्राच्या पाठीमागे उघडणारं झाकण असेल तर तेही उघडा. बऱ्याच यंत्रांत ते उघडलं की कार्ड वर न वळता सरळ मागून बाहेर येतं. मागून आलेली पानं छापलेली बाजू वर अशी पडतात, त्यामुळे क्रम उलटा लागतो, एवढं ध्यानात ठेवायचं. मागे भिंत असेल तर प्रिंटर आधी हातभर पुढे ओढून घ्या. भिंतीला टेकून परत आत ढकललेलं कार्ड काढणं फार त्रासाचं असतं.

आता अक्षरांचं. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर ही प्लास्टिकसारख्या रेझिनची रंगीत भुकटी असते. ड्रमवरून ती विजेच्या ओढीनं कागदावर येते आणि नुसती बसून राहते. कागद फ्यूझरमधून गेला की तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं ती वितळून तंतूंना घट्ट धरते. फ्यूझरचं तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि कागदाचा कुठलाही भाग त्यात सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच राहतो. या छपाईत उष्णता पहिल्यापासून आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात या पद्धतीची पहिली प्रतिमा काढली. त्यांनी धातूच्या पत्र्यावरची भुकटी मेणकागदावर दाबून घेतली आणि मेण गरम करून ती पक्की केली. तेव्हा वितळणारी गोष्ट कागदात होती, आता ती भुकटीत आहे.

तुमच्या कार्डाचं वजन साध्या कागदाच्या तिप्पट, म्हणजे ते उष्णताही त्याच मानानं पिऊन टाकतं. प्रिंटरला मात्र वाटतंय की साधा कागद चाललाय. भुकटी वरवर मऊ होते, खालचं कार्ड थंडच राहतं आणि पकड बसत नाही. म्हणून प्रिंट देताना प्रॉपर्टीज किंवा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘पेपर टाइप’ बदलायचा. तिथे ‘प्लेन’च्या जागी ‘हेवी’, ‘थिक’, ‘एक्स्ट्रा हेवी’ किंवा ‘कार्डस्टॉक’ असे पर्याय दिसतील. कुठला पर्याय किती जीएसएमला, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. असा पर्याय निवडला की यंत्र बहुधा कार्ड हळू चालवतं, गरज पडली तर फ्यूझर जास्त तापवतं आणि भुकटी ओढणारा विद्युतदाबही जाडीप्रमाणे बदलतं. ज्या यंत्रांना पडदा असतो, त्यांच्या मेनूमध्ये ट्रेचा कागदही वेगळा सांगावा लागतो. संगणकावर एक आणि पडद्यावर दुसरं असं झालं की काही यंत्रं थांबून विचारतात आणि काही गुपचूप आपल्याच मनानं छापतात.

सेटिंग खरंच लागू झालं का, हे बऱ्याचदा कानाला कळतं. साध्या कागदाच्या वेळी मोटर एका सुरात पळते. ‘थिक’ला तोच सूर खाली येतो, मधली विश्रांती लांबते आणि कार्ड रेंगाळत बाहेर येतं. सूर बदलला नाही तर मी छपाई थांबवून सेटिंग पुन्हा बघते. एक कार्ड छापायचं, निवू द्यायचं, गडद भागावर नख फिरवायचं आणि तो भाग एकदा दुमडून अंगठ्यानं घासायचा. भुकटी निघाली नाही तरच पुढची छपाई. काम संपलं की सेटिंग परत ‘प्लेन’वर आणायला विसरू नका. पातळ कागद जाड कार्डाच्या उष्णतेत गेला तर गुंडाळी होतो, कधी फ्यूझरलाच लपेटून बसतो.

आता स्पष्ट सांगायचं ते सांगते. तुमच्या यंत्राची मर्यादा १६३ आहे, तेव्हा २५० चं कार्ड त्यात घालू नका. सरळ वाटेनंही नको. ‘माझ्याकडे चालतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि काही दिवस ते चालतंही. पण छोट्या प्रिंटरच्या फ्यूझरमध्ये बऱ्याचदा एक पातळ फिल्म फिरत असते. ताठ कार्डाचा कोपरा तिच्यावर पुन्हापुन्हा आदळला की तिच्या कडेला चीर जाते. अशी फिल्म मी बाहेर काढते तेव्हा चीर नखाएवढी असते, पण बदलावा लागतो तो बहुतेक वेळा अख्खा फ्यूझर. प्रशस्तिपत्रकाला १६० जीएसएमचं गुळगुळीत, पांढरं कार्ड पुरेसं भारदस्त दिसतं. २५० च हवं असेल तर डिजिटल प्रेस असलेल्या छपाईवाल्याकडे जा. त्यांची यंत्रं ३०० च्या कार्डासाठीच बांधलेली असतात.

प्रश्न: कपाटात कार्डांचा गठ्ठा आहे, वेष्टन कधीच फाटून गेलं. जीएसएम ओळखायचं कसं? आणि काही पाकिटांवर ‘६५ पौंड’, ‘११० पौंड’ असं असतं, ते काय?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तराला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए० आकाराचं पान बरोबर एक चौरस मीटरचं असतं. ते निम्मं केलं की ए१, मग ए२, ए३ आणि चौथ्यांदा निम्मं केलं की ए४. म्हणजे सोळा ए४ पानं मिळून एक चौरस मीटर. सोळा पानं मोजून काट्यावर ठेवा, जो आकडा येईल तोच जीएसएम. गुणाकार नाही, भागाकार नाही. आठच पानं असतील तर वजन दुप्पट करा.

पौंडांचं प्रकरण अमेरिकेतलं आहे आणि ते फसवं आहे. तिथे कागदाच्या प्रत्येक प्रकाराचा मूळ आकार वेगळा ठरलेला असतो आणि त्या आकाराच्या ५०० पानांचं वजन पौंडात सांगतात. आकार वेगळे असल्यामुळे सारख्या आकड्याचे दोन कागद सारखे नसतात. ११० पौंड ‘इंडेक्स’ म्हणजे सुमारे १९९ जीएसएम, पण ११० पौंड ‘कव्हर’ म्हणजे जवळपास २९८. ६५ पौंड ‘कव्हर’ सुमारे १७६ भरतं. पौंडापुढचा शब्द वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका, आणि शब्द नसेलच तर काटा आहेच.

वजन कळलं तरी दोन कार्डांची जाडी सारखी असेलच असं नाही. दाबून गुळगुळीत केलेलं कार्ड पातळ असतं आणि तेवढ्याच वजनाचं फुगीर कार्ड जाड. मर्यादेच्या काठावरचं कार्ड निवडायची वेळ आली तर मी दाबलेलं घेते.

प्रश्न: ताई, मी घरच्या रंगीत लेझर प्रिंटरवर शुभेच्छापत्रं बनवते. २०० जीएसएमचं ए४ कार्ड छापून मधोमध घडी घालते. प्रिंटरला २२० पर्यंत चालतं. सेटिंगही बरोबर आहे, रंग पक्का बसतो. पण कार्ड बाहेर येतं ते वाकडं होऊन, आणि घडीवर रंगाला तडे जाऊन पांढरी रेघ दिसते.

उत्तर: तुमची तयारी चांगली आहे, आता कार्डाच्या स्वभावाकडे बघू. कागद बनताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला झोपतात. छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली तर ती सुरीनं कापल्यासारखी सरळ पडते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि कड फाटल्यासारखी दिसते. बाजारातलं बहुतेक ए४ कार्ड लांब ग्रेनचं असतं, म्हणजे तंतू लांब बाजूला समांतर. तुमची घडी मात्र आखूड बाजूला समांतर पडते. तंतू मोडतात ते इथे. त्यात टोनर शाईसारखा मुरत नाही, थर होऊन वर बसतो, म्हणून तोही तडकतो.

ग्रेन ओळखायला कार्ड न दुमडता नुसतं हळूच वाकवून बघा, आधी एका दिशेनं, मग दुसऱ्या. ज्या दिशेनं हाताला कमी जोर लागतो, त्या वाकाच्या रेघेला ग्रेन समांतर असतो. मन भरलं नाही तर कार्डाच्या कोपऱ्यातून छोटा चौकोन कापून एका बाजूनं ओला करा. तो नळीसारखा वळतो आणि नळीची लांबी ग्रेनच्या दिशेला असते.

आता माझी आवडती युक्ती. लांब ग्रेनचं ए३ कार्ड घेऊन ते मधोमध ए४ मध्ये कापून घ्या. कापल्यावर जी लांब बाजू होती तिची आखूड होते, म्हणजे ए४ आखूड ग्रेनचं मिळतं. तुमची घडी आता ग्रेनला समांतर येईल. शिवाय प्रिंटरमध्येही हेच कार्ड रोलरभोवती सहज वळतं, कारण यंत्रात ते आखूड बाजूनं शिरतं आणि तंतू प्रवासाच्या आडवे असतात. एका कापानं दोन्ही कामं होतात. फक्त काप कागद कापायच्या यंत्रावर धारदार पात्यानं हवा. कात्रीनं कापलेल्या कडेचे तंतू सुटून रोलरवर बसतात, आणि बोथट पात्यानं कडेला जी धार उभी राहते तिनं दोन कार्डं एकमेकांत अडकून एकदम ओढली जातात.

घडी घालण्याआधी क्रीझ मारायचीच. पट्टी धरून बोथट टोकानं, न लिहिणाऱ्या बॉलपेननंही चालेल, घडीच्या रेघेवर दाबून ओढा. एका बाजूला चर पडेल, दुसऱ्या बाजूला उंचवटा उठेल. बहुतेक जण चराच्या बाजूला दुमडतात. दुमडायचं उलट, उंचवटा घडीच्या आत येईल असं. त्यानं बाहेरच्या रंगावरचा ताण कमी होतो. आणि चित्र आखतानाच घडीच्या जागी गडद सपाट रंग येऊ देऊ नका.

वाकडेपणाचं मूळ ओलाव्यात आहे. फ्यूझरमध्ये कार्डातला ओलावा उडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा उडत नाही. कार्ड आधीच दमट असेल तर वाक जास्त येतो आणि रंगही ठिपक्याठिपक्यांनी उतरतो. पाकीट छपाईच्या वेळीच उघडा, उरलेली कार्डं वेष्टनात घालून आडवी ठेवा. थंड खोलीतून आणलेलं पाकीट तसंच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाहेर आलेली कार्डं कोमट असतानाच सपाट पृष्ठभागावर ठेवून त्यांच्यावर एखादं जड पुस्तक ठेवा. गठ्ठा मात्र फार उंच करू नका, गरम टोनर वरच्या कार्डाच्या पाठीला लागू शकतो.

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई होते. २०० जीएसएमवर ती वापरली तर चालेल का?

उत्तर: पुस्तिकेत दुहेरी छपाईची मर्यादा वेगळी दिलेली असते, ती आधी बघा. बहुतेक वेळा ती एकेरी छपाईपेक्षा बरीच कमी असते. कारण दुसऱ्या बाजूसाठी यंत्र त्याच कार्डाला मागे ओढून पुन्हा वळणांतून फिरवतं. मर्यादा ओलांडत असाल तर एक बाजू छापा, कार्डं पूर्ण निवू द्या, सपाट करा आणि मग हातानं दुसरी बाजू. कोणती कड आधी आणि कुठलं तोंड वर, हे प्रत्येक यंत्राचं निराळं. साध्या कागदाच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीनं बाण काढून तो फिरवून बघितला की एका पानात उलगडा होतो. दोन्ही बाजूंची चौकट मिलिमीटरभर सरकणारच, म्हणून कडेला टेकलेल्या बारीक चौकटी टाळा.

प्रश्न: इंकजेटचं चकचकीत फोटो कार्ड उरलंय. लेझरला वापरू का?

उत्तर: नाही. त्याच्यावर शाई शोषणारा थर असतो. फ्यूझरच्या उष्णतेत तो मऊ होऊन रोलरला चिकटू शकतो आणि मग फ्यूझर वाचवता येत नाही. पाकिटावर ‘लेझर’ असा स्पष्ट उल्लेख असलेलंच चकचकीत कार्ड घ्या. प्लास्टिकचा मुलामा, चमकी, सोनेरी वर्ख किंवा उठावाची शाई असलेलं कार्डही नको. कापडासारख्या खडबडीत कार्डानं यंत्राला इजा होत नाही, पण खळग्यांत टोनर नीट पोचत नाही आणि सपाट रंग विरळ दिसतो. अशा कार्डावर नुसती जाडसर अक्षरं छापा, छान दिसतात.

प्रश्न: छोटी व्हिजिटिंग कार्डं आधी कापून मग छापली तर कागद वाया जाणार नाही, असं वाटतं.

उत्तर: यंत्रात रोलरच्या जोड्या ठरावीक अंतरावर असतात. एका जोडीनं कार्ड सोडायच्या आत पुढच्या जोडीनं ते धरलेलं असावं लागतं. कार्ड त्या अंतराहून आखूड असेल तर मध्येच कुणाच्याच पकडीत नसतं आणि तिथेच राहतं. पुस्तिकेत किमान आकार दिलेला असतो तो यासाठीच. ए४ वर दहा कार्डं मांडा, कापायच्या खुणांसकट छापा आणि मग कापा.

प्रश्न: कार्ड घालूनही प्रिंटर ‘कागद नाही’ म्हणतो. कधी रोलर नुसताच फिरल्याचा आवाज येतो.

उत्तर: पिक-अप रोलर बघा. नवा रोलर मॅट दिसतो, बोटाला पकडतो. तुमचा बहुधा चकाकत असेल आणि त्याच्या खाचांत कागदाची पांढरी धूळ बसलेली असेल. कार्डाची धूळ साध्या कागदापेक्षा जास्त सुटते. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, धागे न सुटणारं फडकं पाण्यानं जेमतेम ओलं करून रोलर फिरवत पुसा आणि वाळू द्या. त्यानंतरही बोट घसरत असेल तर रबर झिजलंय, रोलर बदलून घ्या. छपाईच्या वेळी कार्ड फटीत सरळ, टेकेपर्यंत सरकवा. बाजूच्या पट्ट्या कार्डाला लागलेल्या हव्यात, पण त्यांनी कार्डाला पोक येता कामा नये.

प्रश्न: अडकलेलं कार्ड काढताना ते फाटलं, काळी भुकटी हाताला आणि शर्टाला लागली. पुढच्या वेळी काय करू?

उत्तर: आधी प्रिंटर बंद करा आणि फ्यूझर थंड होऊ द्या, त्याचा चटका चांगलाच बसतो. मग पुढचं आणि मागचं, दोन्ही झाकणं उघडून कार्डाचा जास्त भाग कुठून दिसतो ते बघा. फ्यूझरजवळ हिरव्या किंवा निळ्या रंगाचे छोटे खटके असले तर ते सोडवल्यावर दाब कमी होतो आणि कार्ड सैल पडतं. शक्यतो कार्ड ज्या दिशेनं चाललं होतं त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, दोन्ही कडा सारख्या धरून ओढा. एका कोपऱ्याला झटका दिला की ते फाटतं आणि तुकडा आत राहतो. चिमटा, सुरी आत घालू नका. ड्रम बाहेर काढावा लागला तर जाड कापडाखाली झाकून ठेवा, उजेडानं तो खराब होतो.

अर्धवट छापलेल्या कार्डावरची भुकटी अजून वितळलेली नसते, म्हणून ती सगळीकडे लागते. शर्ट आधी कोरडाच झटका, मग थंड पाण्यानं धुवा. गरम पाणी आणि इस्त्री नको, उष्णतेनं ती कापडालाही तशीच धरून बसते. सांडलेली भुकटी घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढू नका. ती इतकी बारीक असते की साध्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर पसरते. किंचित ओलं फडकं पुरतं.